शैली निवडायची म्हणजे नेमकं काय निवडायचं?

मंडळी, आज इथे यायला निघालो तेव्हा आमच्यापैकी एकाला घरातून विचारलं गेलं की आता व्याख्यानमालेत व्हिडिओ गेमवरसुद्धा बोलायचं का. प्रश्न रास्त आहे. याच व्यासपीठावर नाटकांवर, कादंबऱ्यांवर बोलणं झालेलं आहे. आमचं उत्तर साधं आहे. आम्ही चौघांनी गेल्या काही वर्षांत रात्रीच्या जेवणानंतरचा जितका वेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या एका खेळाला दिला, तितका कुठल्याच कादंबरीला दिलेला नाही. मालवणात पाऊस लागला की संध्याकाळी सहानंतर करण्यासारखं फारसं काही उरत नाही, वीज असली तर लॅपटॉप आणि नसली तर मागल्या मॅचची चर्चा. ज्या गोष्टीला इतका वेळ दिला तिच्याबद्दल कधीतरी नीट बोलायला पाहिजे, बरं की वाईट ते ठरवायला पाहिजे. म्हणून हे समीक्षेचं बोलणं. खेळ कसा जिंकावा याचं मार्गदर्शन हवं असेल तर ते शेवटी थोडंसं येईल, पण त्यासाठी थांबायलाच पाहिजे असं नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. यात तुम्ही चेंडूला पाय लावत नाही. तुम्ही संघाचे व्यवस्थापक असता. खेळाडू विकत घेणं, सराव ठरवणं, अकरा जण निवडणं, त्यांनी कसं खेळायचं ते सांगणं, आणि मग मॅच चालू झाली की बाजूला उभं राहून केस उपटणं, एवढंच तुमचं काम. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्लिश भावांनी घरात बसून ज्याची सुरुवात केली तो ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ 1992 मध्ये बाजारात आला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, नाव त्यांच्याकडे राहिलं, आणि 2004 पासून हेच लोक ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने खेळ काढायला लागले. आपल्याकडच्या पोरांपर्यंत तो पोचला तो बराच उशिरा. 2024 ची आवृत्ती मोबाइलवर नेटफ्लिक्सच्या वर्गणीतच मिळायला लागली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संगणकावरची आवृत्ती एपिकच्या दुकानात काही दिवस फुकट होती. फुकट म्हटल्यावर आमच्यातले दोघे त्याच वेळी आत आले, हे कबूल करायला हरकत नाही.

आता मुद्द्यावर. नवीन डाव सुरू केला, संघ घेतला, की पहिल्याच दिवशी खेळ तुम्हाला विचारतो: तुमची शैली कुठली? पडद्यावर एक यादी येते. गेगेनप्रेस, टिकी-टाका, व्हर्टिकल टिकी-टाका, कंट्रोल पझेशन, विंग प्ले, रूट वन, फ्लुइड काउंटर-अटॅक, डायरेक्ट काउंटर-अटॅक, कातेनाच्चिओ, पार्क द बस. एकावर बोट ठेवलं की सगळं आपोआप भरलं जातं. बचावफळी किती वर उभी राहणार, पास लांब की आखूड, चेंडू गेला की मागे धावायचं की तिथेच तुटून पडायचं, अकरा जणांच्या अकरा भूमिका, सगळं. ही तयार साच्यांची यादी 2019 च्या आवृत्तीत आली. त्याआधी हे सगळं एकेक करून स्वतः जुळवावं लागायचं आणि नवखा माणूस तिथेच कंटाळून उठायचा. म्हणजे यादी आली हे चांगलंच झालं. आमच्यातल्या एकाला कातेनाच्चिओ हा शब्दच मुळी या पडद्यावर भेटला, आणि तो शब्द कुठून आला ते शोधत तो एका रात्रीत इटलीच्या साठ वर्षांच्या फुटबॉलमधून हिंडून आला. असं करायला लावणारी गोष्ट वाईट कशी म्हणायची?

पण याच यादीत एक गडबड आहे. ही दहाही नावं एका रांगेत, सारख्या आकाराच्या चौकटींत मांडलेली आहेत. हॉटेलात भिंतीवर लिहितात तशी. सुरमई थाळी, बांगडा थाळी, शाकाहारी थाळी. खरं तर ही नावं सारख्या जातीची नाहीतच. रूट वन हे नाव बीबीसीच्या क्विझबॉल नावाच्या प्रश्नमंजुषेतून आलं. एकच अवघड प्रश्न सोडवून थेट गोल मिळवायचा तो मार्ग क्रमांक एक. टिकी-टाका हे नाव लोकप्रिय केलं एका स्पॅनिश समालोचकाने, आंद्रेस मोंतेसने, 2006 च्या विश्वचषकात. पार्क द बस ही तर शिवीच होती. 2004 मध्ये समोरचा संघ नुसता बचाव करत बसला म्हणून मोरिन्यो चिडून बोलले की त्यांनी बसच आणून उभी केली, आणि पुढे जगाने तो शब्द त्यांनाच चिकटवला. आता ती शिवीसुद्धा यादीत निवडण्याजोगी एक शैली आहे.

कातेनाच्चिओची गोष्ट मात्र आपल्या किनाऱ्यावर सांगायलाच पाहिजे. कातेनाच्चिओ म्हणजे दाराची कडी. बचावफळीच्या मागे आणखी एक मोकळा माणूस ठेवायचा, जो कुणालाच धरत नाही, सुटून आलेल्याला गाठतो. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान यांनी 1930 च्या दशकात याच्यासारखंच काही करून पाहिलं होतं. इटलीत याचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्यांतले एक म्हणजे सालेर्नोच्या संघाचे प्रशिक्षक जिपो व्हियानी. त्यांच्याबद्दल अशी कथा सांगतात की संघ हरत होता, झोप लागत नव्हती, म्हणून ते पहाटे समुद्रावर फिरायला गेले. तिथे कोळी जाळं ओढत होते. एका जाळ्यातून निसटलेले मासे मागच्या दुसऱ्या जाळ्यात अडकत होते. व्हियानींना बचावाच्या मागचा माणूस तिथे दिसला, म्हणे. कथा खरी की रचलेली यावर पैज लावायला आम्ही तयार नाही. पण आमच्यातल्या एकाचे आजोबा रापणीत होते. त्याने ही गोष्ट ऐकल्यावर काय म्हणावं? “अरे, ह्या बघूक इटलीत कित्याक जावक होया?”

हसू नका, तो बरोबर बोलला. रापण तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. दोराचं एक टोक किनाऱ्यावर, होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून दुसरीकडे किनाऱ्याला येते, मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. इथे कौशल्य ताकदीत कमी आणि चालीत जास्त. एका बाजूने भराभर ओढलं आणि दुसरी बाजू ढिली पडली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निघून जाते. आता गेगेनप्रेस म्हणजे काय? चेंडू गेल्या क्षणी आसपासच्या चार-पाच जणांनी एकाच चालीने वर्तुळ आवळायचं. एक जण अर्धा सेकंद उशिरा निघाला तर त्याच्याच बाजूने पास बाहेर जातो आणि मागे सगळं रान मोकळं. या विचाराचा आजचा मोठा माणूस म्हणजे राल्फ रांगनिक. जर्मनीतल्या एका छोट्या गावठी संघात ते खेळाडू-प्रशिक्षक होते, तेव्हा लोबानोव्हस्कींच्या डायनॅमो कीवशी त्यांचा सराव सामना झाला. समोर नक्की अकराच आहेत ना, अशी शंका यावी इतकी त्यांची माणसं सगळीकडे दिसत होती, ही आठवण ते अजून सांगतात.

म्हणजे प्रत्येक शैलीच्या मागे कुणाची तरी अडचण आहे. कडी लावणाऱ्यांकडे बलाढ्य संघांना उघड्यावर तोंड देण्याइतके चांगले खेळाडू नव्हते. आखूड पास खेळणाऱ्या स्पॅनिश मुलांकडे उंची आणि धिप्पाडपणा नव्हता. आपल्याकडे काय नाही, याचं उत्तर शोधता शोधता शैली तयार झाली. खेळात मात्र उत्तर आधी मिळतं आणि अडचण नंतर शोधावी लागते.

आम्ही 2024 च्या आवृत्तीत एफसी गोवा घेतला. शेजारचा संघ, बांद्याच्या पलीकडे गेलं की त्यांचंच राज्य, दुसरा कुठला घेणार? आणि गेगेनप्रेस निवडला, कारण सगळे तेच निवडतात. पहिल्या हंगामात लीगमध्ये पहिले. दुसऱ्या हंगामात पहिले. मग प्रयोग म्हणून तिसऱ्यांदा नवा डाव मांडून तळाच्या संघाला तोच साचा दिला, तोही वरच्या चारांत आला. या खेळाबद्दलची ही तक्रार जुनी आहे आणि आमचा अनुभव तिला दुजोरा देणारा आहे. वर चढून दाबत राहा, बहुतेक वेळा निभावतं. दमट हवा, एप्रिलचा उकाडा, वीसपैकी सात-आठ आकड्यांचा दम असलेले खेळाडू, तरी नव्वद मिनिटं आवळणं चालूच. खेळ आपल्याला थकवा दाखवतो, साहाय्यक प्रशिक्षक अधूनमधून सांगतो की पोरं दमली आहेत, तुम्ही पाच बदली खेळाडू आत सोडता आणि पुढे जाता. बिल येतं, पण परवडणारं येतं.

समीक्षक म्हणून आमचा पहिला आक्षेप हा. दहा वाटा दाखवायच्या आणि एकीवरच डांबर टाकायचं, याला निवड म्हणत नाहीत. पर्ससीनवाले येऊन गेल्यावर रापणीला मासळी किती उरते याचा वाद या किनाऱ्याने वर्षानुवर्षं पाहिलेला आहे. एकच पद्धत सगळ्यांत जास्त देते म्हटल्यावर बाकीच्या पद्धती हळूहळू हौसेच्या होतात. आम्ही एकदा हट्टाने कातेनाच्चिओ खेळून पाहिला. चौथे आलो. आठ मॅच शून्य-शून्य किंवा एक-शून्य. त्यातल्या तीन मॅच आमच्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या मॅचमध्ये मोडतात, शेवटची दहा मिनिटं उभ्याने पाहिली. पण खेळातल्या संचालक मंडळाला आक्रमक फुटबॉल हवं होतं, त्यांची नाराजी महिन्याच्या महिन्याला पत्राने यायची.

आता हे पत्र, बरं का, खेळातली उत्तम गोष्ट आहे. क्लबची काही अपेक्षा असते, तरुण मुलं घ्या, ताबा ठेवून खेळा, आक्रमक खेळा, आणि तुमची निवड त्या अपेक्षेशी घासते. 2020 च्या आवृत्तीपासून हे आलं. शैली ही एकट्या व्यवस्थापकाची नसते हे ज्या कुणाला सुचलं त्याला फुटबॉल कळत होतं. आणि गोव्यालाच याचं खरं उदाहरण घडलेलं आहे, तिथे जरा थांबू.

2017 मध्ये सर्जिओ लोबेरा एफसी गोव्याचे प्रशिक्षक झाले. बार्सिलोनाच्या युवा संघांत शिकवलेला, तितो व्हिलानोव्हांच्या हाताखाली काम केलेला माणूस. फातोर्ड्याच्या मैदानावर त्यांनी असं फुटबॉल खेळवलं की आमच्यातले जे मॅच बघायला दोन राज्यांतून बस बदलत जायचे, ते परतीच्या बसमध्ये झोपायचे नाहीत. मागून पास करत यायचं, चेंडू ठेवायचा, आणि मागे जे काय उघडं पडेल ते पडेल. कोरो, म्हणजे फेर्रान कोरोमिनास, दोन हंगाम लागोपाठ लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. मार्च 2019 मध्ये मुंबईला अंतिम सामना झाला, आणि बेंगळुरूच्या राहुल भेकेने, म्हणजे मुंबईच्याच पोराने, जादा वेळेच्या अगदी शेवटी डोक्याने गोल करून तो हिरावून घेतला. पुढच्या हंगामात संघाने 18 सामन्यांत 46 गोल केले. आणि संघ अव्वल असताना, जानेवारी संपता संपता, लोबेरा आणि क्लब वेगळे झाले. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडांनी सांभाळले, 19 फेब्रुवारी 2020 ला जमशेदपूरला 5-0 हरवून लीग जिंकली, आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. मग उपांत्य फेरीत चेन्नईत 4-1 हार, घरी 4-2 जीत, आणि एका गोलाने बाहेर. गोल करायचे तर खायचे पण, हे त्या दोन सामन्यांत जितकं दिसलं तितकं आमच्या लॅपटॉपवर कधी दिसलं नाही.

पुढची गोष्ट आमच्या विषयाच्या आणखी जवळची. लोबेरा मुंबई सिटीला गेले. त्यांच्या मागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फाल, ह्युगो बूमू आणि मंदार राव देसाई हेही गेले. कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाला. उपांत्य फेरीत मुंबई विरुद्ध गोवा, दोन सामने बरोबरीत, पेनल्टीवर 6-5 ने मुंबई. 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यातच मुंबईने अंतिम सामना जिंकला. म्हणजे गोव्यात रुजलेली शैली गोव्याच्याच मैदानावर, एकही प्रेक्षक नसताना, दुसऱ्याच्या अंगावरच्या जर्सीत अजिंक्य ठरली. यादीतून बटण दाबून ती शैली मुंबईला नेता आली नसती. माणसं न्यावी लागली.

त्या माणसांतले मंदार राव देसाई आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. ते मूळचे डाव्या बगलेवरून हल्ला करणारे खेळाडू. लोबेरांनी त्यांना मागे आणून डावा बचावपटू केलं. शैलीला असा बचावपटू हवा होता जो पुढे पण धावेल, चेंडूला घाबरणार नाही. तसा बाजारात शोधण्याऐवजी घरातल्याच माणसाकडे पुन्हा एकदा बघितलं. पुढे तेच भारताच्या संघातही त्या जागेवर खेळले.

पुन्हा एकदा बघितलं, हे शब्द लक्षात ठेवा. कारण आमचा दुसरा आणि मोठा आक्षेप इथेच आहे.

खेळात प्रत्येक खेळाडूला वीसपैकी गुण असतात. वेग, दम, पास, निर्णय, मेहनत, धीर, असे कितीतरी रकाने. तुम्ही शैली निवडली की तिच्याबरोबर भूमिका येतात, आणि भूमिका आली की त्या भूमिकेला लागणारे रकाने उजळतात. बाकीचे फिके पडतात. सोय म्हणून केलेलं आहे, आणि सोय आहेच. पण काय होतं बघा. तुम्ही गेगेनप्रेस घेतला. आता मधल्या फळीतला एक तिशीपुढचा माणूस, पास वीसपैकी चौदा, नजर पंधरा, पण दम सात आणि मेहनत आठ. उजळलेले रकाने सांगतात, बेकार. दहा मिनिटांत तुम्ही त्याला विक्रीच्या यादीत टाकलेलं असतं. तुमच्या हातून काही वाईट घडलं असं वाटतसुद्धा नाही, कारण त्याचे चौदा आणि पंधरा तुम्हाला दिसलेच नाहीत. तेव्हा व्याख्यानाच्या शीर्षकातल्या प्रश्नाला आमचं उत्तर हे आहे: शैली निवडताना आपण माणसात काय बघायचं आणि काय नाही, ते निवडत असतो. हा खेळ ती निवड आपल्या हातात देतो, आणि आपण ती केली हे आपल्यापासूनच लपवतो.

दशावतारातला प्रकार आठवा. लिहिलेली संहिता नाही. प्रयोगाआधी रंगपटात कथा सांगतात, आज कुठलं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस, स्त्रीपार्ट कुणाकडे, आणि रंगमंचावर गेल्यावर ज्याचं त्याने बोलायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं की सगळं आयत्या वेळचं आहे. पण वाटप करणाऱ्याला प्रत्येकाचा गळा माहीत असतो. कुणाला लांब बोलणं झेपतं, कुणाचं युद्ध चांगलं, कोण समोरच्याला सांभाळून घेतो. आज एखाद्याचा आवाज बसलेला असला तर आख्यानच बदलतं. गोष्ट माणसांकडे बघून ठरते. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये असं करता येतं का? येतं. पण खेळ तिथून सुरू होत नाही, तिकडे आपण वळसा घेऊन जावं लागतं.

आता जे सांगणार आहोत ते सांगावं की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. आमच्यातले दोघे गावातल्या एका संघाचं बघायचे. संघ म्हणजे काय, पावसाळा सरल्यावर चार महिने संध्याकाळी मळ्यात खेळणारे वीस-बावीस जण, शेजारच्या गावांशी आणि कधी सावंतवाडीकडच्या पोरांशी मॅच. रात्री लॅपटॉप, संध्याकाळी मळा. व्हायचं तेच झालं. आम्ही एका वहीत सगळ्यांची नावं लिहिली आणि वीसपैकी गुण दिले. रकाने अर्थातच गेगेनप्रेसला लागणारे. वेग, दम, मेहनत, दाबायला जाण्याची तयारी.

आमचा मधला बचावपटू बोटीवर खलाशी होता. चाळिशीला आलेला. तो कधी मधली रेघ ओलांडायचा नाही. मागे उभा राहून नव्वद मिनिटं ओरडायचा, डावीकडे बघ, सोड त्याला, मागे ये. आम्ही त्याला सांगितलं, आता आपण वर खेळणार, तू पण मधल्या रेघेपर्यंत यायचं. तो म्हणाला, “धावाक मी तयार आसंय, पण माझ्या मागे कोण रवतलो ता सांग.” आमच्याकडे उत्तर नव्हतं, साचा होता. दोन मॅच त्याच्या डोक्यावरून चेंडू गेले, सात गोल खाल्ले. तिसऱ्या मॅचला त्याला बाहेर बसवला. त्या दिवशी वही बाकावर उघडी राहिली. त्याने ती पाहिली, स्वतःचं नाव शोधलं, वेग सहा, दम सात. काही बोलला नाही. वही मिटून पाण्याच्या बाटल्यांखाली ठेवली, उडून जाऊ नये म्हणून. नंतर तो आला नाही. बोटीचं काम आहे असं सांगायचा, आणि ते खोटंही नसेल.

तो गेल्यावर आम्हाला कळलं की आमची बाकीची तीन पोरं बचाव करत नव्हती, त्याचं ओरडणं ऐकत होती. ओरडण्याला रकाना आम्ही ठेवलाच नव्हता. गंमत अशी की खेळात ‘लीडरशिप’ आणि ‘पोझिशनिंग’ असे रकाने आहेत, दोन्ही. आम्ही वेग, दम आणि मेहनत एवढंच बघत होतो, म्हणून ते वहीत आले नाहीत.

याचा दोष खेळावर ढकलायचा का? नाही. वही आमची होती. पण कुठलीही कलाकृती आपल्याला बघायचं कसं हे शिकवते, म्हणूनच तिची समीक्षा करायची. चांगलं नाटक बघून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात लोकांचं बोलणं वेगळ्या कानाने ऐकतो. हा खेळ खेळून आलेला माणूस मळ्यावरच्या पोरांना वेगळ्या डोळ्याने बघतो. त्यातलं बरंच चांगलं असतं, जागा कशी मोकळी होते ते दिसायला लागतं, दोन जणांमधलं अंतर दिसायला लागतं. हे आम्ही याच खेळात शिकलो आणि त्याबद्दल कृतज्ञ आहोत. पण माणूस बदलणं दोन क्लिकचं आणि पद्धत बदलणं दोन महिन्यांच्या सरावाचं, हा त्यातला हिशेब मोठ्या क्लबांचा आहे. ज्या गावात बावीसच जण आहेत तिथे तो उलटा करावा लागतो.

2025 ची आवृत्ती कंपनीने रद्दच केली, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या आवृत्तीत चेंडू आपल्याकडे असताना एक रचना आणि नसताना दुसरी, अशी वेगवेगळी मांडता येते. कागदावर ही मोठी सुधारणा आहे. आमच्या खलाशाला मागे ठेवून बाकीच्यांना वर पाठवणं आता एका पडद्यावर दाखवता येईल. यादी मात्र आहे तशीच पहिली समोर येते.

प्रश्नोत्तरांत एका मुलाने विचारलं आहे, चिठ्ठी आलेली आहे: “मग मी कुठली स्टाइल घेऊ ते सांगा ना.” सांगतो. नवा डाव मांडलास की शैलीचा पडदा मिटून टाक. साहाय्यकाला सांग की पहिल्या चार सराव सामन्यांत साधी, मधली मांडणी ठेव. मग संघाचा पडदा उघड आणि कुठलीही भूमिका न निवडता, म्हणजे काहीही उजळलेलं नसताना, एकेका खेळाडूचं पान वाच. आधी दोन मधले बचावपटू. त्यांचा वेग कमी असेल तर बचावफळी वर नेणाऱ्या सगळ्या शैली तिथेच बाद. त्यांचा पास आणि धीर बरा असेल तर मागून खेळ बांधता येईल, नसेल तर गोलरक्षकाला लांब मारू दे, त्यात लाज नाही. मग आघाडीचा खेळाडू: त्याला चेंडू पायात हवा की मागच्या जागेत? मग बगलेवरचे दोघे, ते परत मागे येतील का, त्यासाठी मेहनतीचा आणि सांघिकतेचा रकाना बघ. एवढं झालं की सर्वांत कमी आकड्यांचा, ज्याला तू विकणार होतास तो खेळाडू घे, आणि त्याचा सर्वांत मोठा आकडा कुठला ते बघ. तो आकडा कामाला येईल अशी एक तरी जागा मांडणीत कर. हे सगळं होऊन मग यादी उघड. दहातली सात नावं आपोआप गळलेली असतील. उरलेल्या तिनांत आम्हाला विचारशील तर गोव्याच्या संघाला फ्लुइड काउंटर-अटॅक चांगला बसतो, फक्त डावा बचावपटू धावणारा हवा, आणि तो नसला तर आधी तुझ्या बगलेवरच्या राखीव पोराला त्या जागेचा सराव देऊन बघ. दोन-तीन महिने लागतात.